जलकुंभीत अडकलेला डोंगा

मी एक जुना, बुडाला भेग पडलेला डोंगा आहे, मित्रांनो. मूल तालुक्यातल्या एका तलावाच्या पाळीवर पालथा पडून असतो. सोमाजी ढिवराने आंब्याचे खोड कोरून मला घडवले. माझ्यात बसून तो जाळे टाकी आणि रोहू चांगला लागला की माझ्या काठावर लाडाने थाप मारी. फार सुखाचे दिवस होते ते!

एकदा शारदादेवीच्या उत्सवाला त्याची बायको कुंता बल्लारपूरकडच्या माहेराहून कमळे घेऊन आली. वाटेत ती कोमेजू नयेत म्हणून तिने नदीतल्या ओल्या पाल्यात गुंडाळली होती. उत्सव संपल्यावर सोमाजीने सगळे निर्माल्य माझ्यातून नेऊन खोल पाण्यात सोडले. कमळे कुजली, पाला मात्र जगला. गोल चकचकीत पाने, हवा भरल्यासारखे फुगलेले देठ. ती जलकुंभी होती.

दोन पावसाळ्यांत तिने अर्धा तलाव गिळला. खाली अंधार झाला, मासे मेले, जाळी रिकामी येऊ लागली. ही कोणी आणली म्हणून गाव चवताळले. कुंताला काही आठवलेच नाही. गुंडाळायच्या पाल्याकडे कोण पाहते? पण सोमाजीने ते फुगीर देठ निर्माल्यात पाहिले होते. एका सकाळी तो मला म्हणाला, "गावाले समजलं त कुंताले जगू नाई देनार. मीच काढतो सारी."

तो एकटाच विळ्याने कापू लागला. तिथेच चुकले. कापलेला तुकडा वाऱ्याने सरके आणि त्याचे नवे रोप होई. मग तो पाण्यात उतरून मुळांसकट उपटू लागला. एके दिवशी त्याचे पाय त्या मुळांत गुंतले. "कुंता!" एवढेच तो ओरडला. मी चार हातांवर होतो, पण त्या दाटीत मला तसूभरही सरकता आले नाही. माझ्यादेखत माझा सोमाजी गेला.

आता सारे गाव मिळून जलकुंभी काढते. फुलण्याआधीच मुळांसकट उपटते आणि पाण्यापासून दूर नेऊन वाळवते. सर्वांत पुढे कुंताबाई असते. उपटताना रडत म्हणते, "कोन्या मेल्यानं आनली असन हे? माह्या मानसाले खाल्लं त्यानं. त्याचं कधी भलं नाई होनार!"

मी ऐकत पडून असतो.

मित्रांनो, एका पाण्यातले रोप दुसऱ्या पाण्यात कधी सोडू नका. आणि आमच्या तलावावर आलात, तर कुंताबाईला यातले काहीही सांगू नका.