बसक्या आवाजाची घंटी

दचकू नका, अस्वल नाही. अस्वलासाठी कमरेला बांधतात ती घंटी बोलतेय. आमच्या जपानच्या डोंगरात शहाणा माणूस मला घेतल्याशिवाय रानात शिरत नाही. कुणी येतंय हे अस्वलाला आधीच कळलं की ते त्याच्या वाटेनं जातं आणि माणूस आपल्या वाटेनं. भांडण टाळायची ही रीत मला फार आवडते.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका ओतशाळेत झाला. पितळ साच्यात पडलं, निवलं, आणि म्हाताऱ्या ओताऱ्यानं मला टिचकी मारून पाहिली. "हिचा घसा बसलाय," तो म्हणाला. माझ्या बहिणी किणकिणत होत्या आणि मी आपली पडसं झाल्यासारखी. दुकानात गिऱ्हाईक मला हलवून बघायचं आणि नाक मुरडून परत ठेवायचं. फार वाईट वाटायचं तेव्हा.

शेवटी इवाओ आला. तो रानातून अळंबी आणि नेच्याचे कोवळे कोंब आणून विकायचा. त्यानं मला कानाशी हलवलं आणि हसला. "ही माझ्यासारखीच बोलते. हीच द्या." त्या दिवसापासून मी बसकी झाले.

आम्ही पुष्कळ डोंगर तुडवले. अस्वल काही दिसलं नाही. शेजारी चिडवायचे, तर इवाओ म्हणायचा, "दिसलं नाही म्हणजेच घंटी चांगली." मग त्याचे गुडघे गेले. मी दाराशी, जोड्यांच्या कपाटावरच्या खिळ्याला लटकले. कळकून हिरवी पडले. कोळ्यानं माझ्या जिभेभोवती जाळं विणलं. घरातली माणसं छत्री माझ्यावरच अडकवायची आणि नंतर घरभर शोधत बसायची.

इवाओच्या गुडघ्यांत सुया टोचायला तोशिनारी मास्तर यायचे. सुया टोचून दुखणी बरी करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तरुणपणी ते डोंगरवाटांनी धावायचे. पुढं नजर आटत गेली आणि आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. इवाओची मुलगी मिझुहो गावात टपाल वाटायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर धावायची.

एकदा सुई टोचता टोचता मास्तर म्हणाले, "समोरच्या डोंगररांगेवरून दरसाल शंभर किलोमीटरची शर्यत निघते. थोडा उजेड आहे तोवर एकदा तरी ती पुरी करायचीय. वाटाड्या बरोबर असला तर घेतात म्हणे."

"मी येते ना, मास्तर," मिझुहो म्हणाली.

"तुला उतारावर स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत," इवाओ म्हणाला. "यांचे काय सांभाळणार?"

तरी ठरलं. आधी दोघांनी हातात दोरी धरून पाहिली. पण रानातली पाऊलवाट एका माणसापुरतीच. पहिल्याच वळणावर दोघं एकदम बांबूच्या बेटात गेले. ओरबाडून घेऊन परत आलेल्या दोघांना बघून इवाओ म्हणाला, "दावं गुरांना लावतात, पोरी. ती बसकी काढ खिळ्यावरनं."

मिझुहोनं मला खारवलेल्या उमे-फळांच्या आंबट पाण्यानं घासलं. केवढी चकाकले मी! मग तिनं मला आपल्या पाठपिशवीला बांधलं. ती पुढं, मास्तर मागं. ती "मूळ", "पायरी", "डावीकडं खोल" असं ओरडायची. बाकीचं मी सांगायची. चढावर मी सावकाश बोलले की मास्तर पावलं आखडती घ्यायचे, उतारावर घाई केली की गुडघे सैल सोडायचे. नियम एकच होता: बसकी गप्प झाली की जिथं असाल तिथं उभं राहायचं. दोन हिवाळे आम्ही असा सराव केला. बर्फात मास्तर धडपडायचे, उठून म्हणायचे, "मिझुहोबाई, ही पायरी तुम्ही सांगितली नाहीत." ती म्हणायची, "मास्तर, ती पायरी नव्हती, मी पडले होते."

शर्यतीच्या दिवशी सगळ्यांच्याच पाठीला घंट्या होत्या. एवढ्या किणकिणाटात माझा आवाज मास्तरांना कुठून सापडणार, म्हणून मला धाकधूक होती. पण बसक्या घशाचा तिथंच उपयोग झाला. लोण्यातून सुरी जावी तसे आम्ही पहिले दोन डोंगर ओलांडले. खाण्याच्या ठाण्यांवर मास्तर भाताचे मुटके खायचे आणि मिझुहो त्यांच्या पायांचे फोड बघायची.

चुकलं ते वाडीत. वस्तीतून जाताना घंटी वाजवायची नाही, लोकांना त्रास होतो, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात एका घरात श्राद्ध चाललं होतं, मंत्र ऐकू येत होते. बाकीच्यांनी घंट्या मुठीत धरल्या. मिझुहो भिडस्त, तिनं माझ्या तोंडात रुमालाचा बोळाच कोंबला. रस्ता रुंद होता, मास्तरांचा हात धरून तिनं वाडी पार केली. मग चढ लागला, धुकं उतरलं, पुढचं ठाणं बंद व्हायची वेळ जवळ आली; त्यानंतर पोचणाऱ्याला शर्यतीतून बाद करतात. तिनं हात सोडला, "चला मास्तर" म्हणाली आणि निघाली. बोळा तसाच राहिला.

मी जीव तोडून हलत होते, पण आवाज फुटेना. "मूळ," मिझुहो ओरडत होती, "पायरी," आणि मागं कुणीच नव्हतं.

मास्तर नियमानं उभे होते. त्यांच्यामागं धुक्यात पळणाऱ्यांची रांग लागली. आणि गंमत बघा, एकानंही विचारलं नाही की बाबा, का थांबलास. हा माणूस उभा आहे म्हणजे काही कारण असेल, उगाच कशाला त्याला अवघडवा, म्हणून सगळे मुकाट उभे. ठाणं बंद व्हायला आलंय आणि आमची माणसं सभ्यपणानं उभी.

मिझुहोच्या लक्षात आलं तेव्हा ती घसरत, धडपडत खाली पळाली. बोळा ओढून काढला. मी वाजले.

"आली आमची बसकी," मास्तर म्हणाले.

मिझुहो वाकून वाकून मास्तरांची माफी मागू लागली, मग रांगेची. रांग तिची माफी मागू लागली. शेवटी मास्तर म्हणाले, "पुरे आता. माफ्यांची शर्यत असती तर आपण पहिले आलो असतो."

आम्ही निघालो. थोडं वर गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मागं पावलं होती, श्वास होते, पण घंट्या नव्हत्या. त्या सगळ्यांनी आपापली घंटी मुठीत धरली होती, मास्तरांच्या कानांना मी एकटी सापडावी म्हणून. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या धुक्यात आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी वाजले, आणि माझ्या बसक्या घशाची मला लाज वाटली नाही.

वाट रुंदावली तशी मास्तर बाजूला झाले. "आता पुढं व्हा, आणि मुठी सोडा. अस्वलं आहेत." सगळे किणकिणत पुढं गेले. ठाण्याचा माणूस दोरी आडवी बांधायला उठला होता. आम्हाला बघून पुन्हा खाली बसला.

आम्ही शेवटून पहिले आलो. दुसरा दिवसही कलला होता. इवाओ शेवटच्या रेषेपाशी घडीच्या खुर्चीवर बसला होता. आम्ही झाडीतून दिसायच्या आधीच तो काठी टेकत उठला आणि शेजारच्याला म्हणाला, "माझी बसकी येतेय." रेषा ओलांडल्यावर मास्तर खाली बसले आणि आकाशाकडं तोंड करून म्हणाले, "अजून जरा उजेड आहे." आणि रडले.

तो उजेडही यंदाच्या हिवाळ्यात गेला. पण दर रविवारी मास्तर जोड्यांच्या नाड्या बांधून उंबऱ्यावर बसलेले असतात. मी गल्लीच्या तोंडाशी वाजले की उठतात. पुढच्या शर्यतीसाठी दोघांनी नाव दिलंय. माझ्या कडेला एक पोचा पडलाय, घसा आणखी बसलाय, आणि खिळ्यावर आता नुसती छत्री असते.

तुम्हा माणसांना एवढंच सांगते. लोकांना त्रास नको म्हणून तुम्ही तोंडात बोळा घालता, त्यात वाईट काही नाही. पण मागं कुणीतरी तुमच्या आवाजावर पाऊल टाकत असतं. वाडी मागं पडली की तेवढा बोळा काढा.