पूर्वेचं कपाट

नॉर्मन झारेत्स्कीला मी लहानपणापासून ओळखते. तेव्हाही तो दुसऱ्याच्या डब्यातलं खायचा आणि हात त्याच्याच शर्टाला पुसायचा. आमच्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचा, अध्यक्ष झाल्यावर त्याने त्याच्याशीही तेच केलं.

फिलाडेल्फियातली ही इमारत मुळात जर्मन लोकांचं चर्च. त्यांची वस्ती उठून गेली, तेव्हा आमच्या माणसांनी ती विकत घेतली. क्रूस उतरवले, घंटा उतरवली, पण वेदी पश्चिमेला! आम्ही प्रार्थना करणार पूर्वेला, यरुशलेमकडे तोंड करून, आणि तिथे नेमकं रस्त्याचं दार. शेवटी तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायचं कपाट दाराला खेटूनच उभं केलं. ते माझ्या बाबांनी घडवलेलं. उशिरा येणारा माणूस त्यामुळे थेट सगळ्यांच्या तोंडासमोर उगवायचा, आणि वर गॅलरीत आम्ही बायका त्याला नावं ठेवायला मोकळ्या.

बाबांची नजर गेली तरी त्यांचं अडत नसे. दारातून आत आले की उजवा हात कपाटाच्या मखमली पडद्याला लावायचे, मग ती बोटं ओठांना. तिथून पुढे त्यांची जागा त्यांना बरोबर सापडायची.

या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. मी त्यांच्याबरोबर इस्पितळातच होते. बरे झाल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांनी प्रार्थनेला जायचा हट्ट धरला. त्यांना दारात सोडून मी बाजूच्या जिन्याने वर गेले आणि खाली पाहिलं. कपाट पश्चिमेला, जुन्या वेदीच्या जागी! पूर्वेला, त्याच्या जागी, बर्फाने ओले झालेले कोट टांगलेले.

बाबांनी हात पुढे केला. एका ओल्या बाहीला लावला आणि बोटं ओठांना टेकवली.

कुणीतरी फिसकन हसलं.

"लाइबकाका, इकडे वळा," नॉर्मन म्हणाला. "कपाट तिकडे नेलंय. रंगीत काचेखाली लग्नाचे फोटो झकास येतात."

"पश्चिमेला?" बाबा म्हणाले. "आणि यरुशलेम? तेही हलवलंस का रे?"

"ऐकलंत? काका अजून तस्सेच!" नॉर्मन म्हणाला, आणि सगळे हसले. ज्यांच्या लग्नात बाबांनी पाय दुखेस्तोवर नाच केला होता तेही हसले. इतकी किळस मला इस्पितळातल्या बादलीचीही आली नव्हती.

मी बायकांची गॅलरी सोडून तडक पुरुषांच्यात उतरले.

"एट्टा, हे काय? वर जा!" नॉर्मन म्हणाला.

"तू गप बस."

बाबांनी माझा हात चाचपून धरला. "एट्टा, मघाशी ओठांना लावलेली बोटं आधी कशाला लागली होती?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"कोटाला, बाबा."

"कुणाच्या?"

"नॉर्मनच्या."

बाबांनी स्वतःच्या बाहीने ओठ पुसले. परत पुसले. "मला घरी ने," ते म्हणाले. प्रार्थना अजून सुरूही झाली नव्हती.