पाचव्या भोकावरची रिकीब

मित्रांनो, न्यूहॉलच्या टेकड्यांपाशी असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एकवीस खोगिरे होती, चौदा लगाम, दोन बग्ग्या आणि लाकडाचे रंगवलेले एक निवडुंग. सहाव्या खुंटीवरचे जुने खोगीर म्हणजे मी. माझा सांगाडा पाइनच्या लाकडाचा आहे. त्यावर ओले कातडे ताणून वाळवले आणि वरून बैलाचे जाड चामडे शिवले. दोन्ही बाजूंना रिकिबींचे, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांचे, पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला उंची जुळवायला दहा भोके. ही भोके लक्षात ठेवा.

मला शिवले ते टेलिव्हिजनच्या एका मालिकेसाठी. तिचे नाव ‘कोरड्या नदीचा मार्शल’. रविवारी संध्याकाळी ती लागली की गल्ल्या ओस पडत, असे लोक सांगतात. सुरुवातीला एक घोडेस्वार टेकडीच्या माथ्यावर येई, तीव्र उतारावरून भरधाव खाली झेपावे, आडव्या पडलेल्या ओकच्या झाडावरून उडी मारी आणि हॅट उंचावी. हे दृश्य पहिल्याच आठवड्यात टिपले आणि पुढे प्रत्येक भागाला तेच लावले.

मार्शलचे, म्हणजे गावाचा कायदा राखणाऱ्या नायकाचे, काम हॉलिस ग्रेडी करायचा. उंच, देखणा आणि भारदस्त आवाजाचा. पूर्वी तो बुटांच्या दुकानात होता. घोड्याची त्याला भीती वाटे. त्याच्या जागी दौडायला लाझारो रुएलास असे. बुटका, वाकड्या पायांचा, गुरांमागे वाढलेला. घोड्यावर बसल्यावर दुरून दोघांत कोणालाच फरक कळत नसे. मला मात्र कळे. हॉलिसची रिकीब वरून आठव्या भोकावर लागे, लाझारोची पाचव्यावर. जवळून चेहरा टिपायचा असला की आठवे, दौड असली की पाचवे. घोडे सांभाळणारा माणूस दिवसभर माझी बक्कले बदलत राही.

“लाझ, हा घोडा माझ्याकडे असा का बघतोय रे?” हॉलिस विचारी.

“त्याला ठाऊक आहे ना मार्शल, तुला उतरायला स्टूल लागतं ते!”

मग दोघे ओकपाशी बसून लाझारोच्या डब्यातल्या घेवडा भरलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खात. बऱ्याचशा हॉलिसच संपवी. मालिकेत खाणावळवालीचे काम करणारी बाई माझ्या घोड्याला गाजरे चारी. दर आठवड्याला गोळी खाऊन मरणारा खलनायक तिच्याकडून विणकाम शिके. फार चांगली माणसे होती ती.

एकदा फाटकापाशी मुलांचा घोळका जमला. “ओकवरून उडी मारणारे तुम्हीच ना?” एका मुलीने विचारले. हॉलिस गोंधळून मागे वळला. लाझारो तिथूनच हाताने ‘हो म्हण, हो म्हण’ असे खुणावत होता.

“मीच तर. दुसरं कोण?” हॉलिस म्हणाला.

मुले नाचत गेली. “मला हे बरं नाही वाटलं,” हॉलिस पुटपुटला.

“अरे, पोरांचा मार्शल कशाला मोडायचा? माझी उडी मला माहितीय, तुला माहितीय. झालं की!”

कंपनीलाही तेच हवे होते. बदली स्वाराचे नाव पडद्यावर कधी येत नसे. मुले मोठी झाली, त्यांना मुले झाली, आणि ‘मीच’ हे उत्तर तसेच राहिले.

शेवटच्या वर्षी कथांमध्ये निव्वळ खोगीरभरती उरली होती. मी खोगीर असून सांगतो. मालिका बंद पडली, शेड विकली गेली. मी गावातल्या लहानशा संग्रहालयात काचेआड आलो. पाटी लागली: ‘हॉलिस ग्रेडी यांचे खोगीर’. शेवटचे चित्रण त्याच्या चेहऱ्याचे होते, म्हणून रिकिबी आठव्या भोकावरच राहिल्या.

दर वसंतात चाहते जमत आणि जुने कलाकार रांगेत बसून फोटोंवर सह्या करत. आधी खाणावळवाली गेली, मग खलनायक. खुर्च्या कमी होत गेल्या.

एका वसंतात लाझारोची मुलगी इनेस माझ्या काचेसमोर हॉलिसशी बोलली. “हॉलिसकाका, बाबा हिवाळा बघतील असं डॉक्टरांना वाटत नाही. नातवंडं म्हणतात, आजोबा थापा मारतात. बाबा हसतात. पण जुने भाग लागले की ती उडी तेवढी बघतात आणि टीव्ही बंद करतात. एकदा त्यांचं नाव घ्या ना. त्यांच्या कानावर पडू दे.”

हॉलिसने डोळे पुसले. “शनिवारी घेतो. सगळ्यांसमोर.”

शनिवारी मला मंचावर ठेवले. लाझारो पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. हॉलिस उभा राहिला. “ती दौड मी केली नव्हती. ती उडी माझी नव्हती. ती लाझारो रुएलासची.”

मग मागून एकजण ओरडला, “बघा! मार्शल अजून तसाच आहे! स्वतःचं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळा!”

सगळे हसले, उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. “अहो, नाही! ऐका तरी!” हॉलिस हात हलवत होता. त्यांना तोही विनयच वाटला.

शेजारची बाई लाझारोकडे वाकली. “किती मोठ्या मनाचे आहेत ना? ओळखता तुम्ही त्यांना?”

“थोडंफार,” लाझारो म्हणाला, आणि तोही टाळ्या वाजवू लागला.

पानगळीत तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेत पुढे स्वाराविना घोडा चालवायचा होता. हॉलिसने मला संग्रहालयाकडून मागून घेतले. घोड्यावर मला चढवल्यावर तो बक्कलाशी झटापट करू लागला.

“काका, मी करते,” इनेस म्हणाली.

“राहू दे गं. हे काम मला कधी करावंच लागलं नाही.”

त्याने दोन्ही रिकिबी पाचव्या भोकावर आणल्या. इनेसने त्यांत रिवाजाप्रमाणे वडिलांचे बूट उलटे अडकवले, टाचा पुढे. दफनभूमीपर्यंत माझ्यावर कोणी बसले नाही. एवढे जड मला कधीच वाटले नव्हते.

मी संग्रहालयात परतलो, तेव्हा तिथल्या वस्तू सांभाळणाऱ्या व्हर्नाबाई तेल आणि नवे पट्टे घेऊन आल्या. “जुने फारच झिजलेत, बदलून टाकू,” त्या म्हणाल्या. इनेसने त्यांचा हात धरला. “आधी भोकांची झीज मोजा.”

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ पुसा, तेल लावा. पण झीज पुसू नका. आम्हाला तोंड नसते. कोण आमच्यावर बसले, कोण आमच्याबरोबर धावले, ते आमच्या झिजण्यातच असते.

व्हर्नाबाईंनी मोजपट्टी लावली. आठवे भोक: रुंदी पाव इंच, लांबी पाव इंच. पाचवे भोक: रुंदी पाव इंच, लांबी अर्धा इंच.