आत्याचा चष्मा

ऐका तर! महापालिकेच्या सभागृहात आत्याचा चष्मा नाकावर असला की ‘नाही’ आणि हातात आला की ‘हो’. तिच्या पक्षाचे सगळे एवढंच बघायचे. ठराव कशाचा, बोलतंय कोण, कशाची म्हणजे कशाची पडलेली नसायची. चष्मा निघाला की पटापट हात वर! आत्याचे वडील, म्हणजे आजोबा, महापौर होते तेव्हा हेच काम त्यांचा रुमाल करायचा. घराण्याची रीतच होती ती.

आणि त्याच घराण्यातली आपली छकुली, आत्याच्या भावाची मुलगी. नगरसेविका झाली तरी अख्खं शहर तिला छकुलीच म्हणायचं. तिने प्रचारात भाजीबाजारातल्या बायकांना शब्द दिला होता, तुमच्यासाठी स्वच्छतागृह बांधते. एका भाजीवालीने तिथल्या तिथे सुनावलं, “तुझा आजा हेच म्हणाला, बापही हेच म्हणाला. तूही नाही केलंस ना, तर परत इकडे तोंड दाखवू नकोस.”

बाजारात मोकळी जागा एकच. तिथे आत्याला आजोबांचा पुतळा हवा होता.

“पुतळ्याच्या जागी मुतारी? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग!”

“अगं आत्या, पुतळ्याला कुठे लागते? बायकांना लागते!”

छकुलीचे बाबा तेवढ्यात पेपरमागे गडप.

स्वच्छतागृहाचा ठराव आला. आत्याने चष्मा नाकावर असा घट्ट बसवला, की झालं, संपलं! छकुली उभी राहिली आणि पाठ केलेलं भाषण साफ विसरली. मग आठवलं तेच बोलत सुटली. लहानपणी आजोबा तिला बाजारात न्यायचे. एकदा त्यांना अशी घाईची लागली, की छत्रीच्या दुकानात घुसले, मागच्या संडासाकडे धूम पळाले आणि येताना संकोचून तीन छत्र्या विकत घेऊन आले! वर म्हणाले, “छकुले, मी महापौर म्हणून मला आत घेतलं. या बायकांना कोण घेणार गं?”

सभागृह खो खो हसलं. आत्याही हसली, हसता हसता डोळे भरून आले आणि पुसायला तिने काढला ना चष्मा!

सटासट हात वर. “ठराव मंजूर!”

आत्याने चष्मा घालून मागे पाहिलं, तर हातांचं जंगल! आता सांगणार काय, की माझी माणसं चष्मा बघून मत देतात?

विरोधी नेता खवचटपणे म्हणाला, “ताई, तुमचाही पाठिंबा?”

“म्हणजे काय! बाबांचीच इच्छा होती ती.”

गाडीत बसल्यावर आत्याने विचारलं, “मुद्दाम रडवलंस ना गं?”

“शप्पथ नाही! भाषणच विसरले होते.”

“घरात त्या तीन छत्र्या कुठून आल्या, ते मला आज कळलं.”

“मग आत्या, पाटीवर आजोबांचं नाव घालू या?”

“बाबांचं? मुतारीवर?” आत्याला पुन्हा हसू फुटलं, इतकं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

ड्रायव्हर पक्षाचा जुना माणूस. त्याने आरशात पाहिलं आणि मुकाट्याने एक हात वर केला.