बांधावरची परकी माती

"खाली ठेव ती पाटी! कुणाच्या बांधावर माती टाकतेस, शुद्धीवर आहेस का?"

शिंप्याने आपल्या छपरावरून अशी आरोळी ठोकली की खालची सगळी गल्ली दारात आली. बांधावर गिरणीवाली उभी होती. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर ओल्या मातीची पाटी. ती ज्या तुकड्यावर उभी होती तो तुकडा तिचा नव्हता, तिच्या धाकट्या दिराचा होता, आणि गावाच्या दृष्टीने ही चोरीच होती.

हे गावच मुळात चुकीच्या जागी बसलेलं. मागे टेकडी, पुढे नदी, आणि मधल्या खोलगट जागेत तीन गल्ल्या, वरची, मधली आणि खालची. आजोबांच्या काळात नदीने एकदा कूस बदलली आणि अर्धी खालची गल्ली पोटात घातली. उरलेल्यांनी मग बांध घातला. ज्याचं घर जेवढं रुंद, तेवढा बांध त्याने आपल्या शेतातली माती वाहून उचलायचा आणि जन्मभर सांभाळायचा. पुढे एका मेल्या माणसाच्या तुकड्यावर शेजाऱ्याने माती टाकली आणि त्याच मातीच्या जोरावर घर बळकावलं. डोकी फुटली. तेव्हापासून नेम झाला, दुसऱ्याच्या तुकड्यावर माती टाकणं म्हणजे त्याच्या घरावर हक्क सांगणं. भांडण मिटवायला केलेला नेम, पण गावाने तो असा उराशी धरला की नदीपेक्षा लोक नेमालाच जास्त भिऊ लागले.

धाकटा दीर शहरात गेला त्याला बरीच वर्षं झाली. घराला कुलूप, आणि बांधाच्या तुकड्यात उंदरांची बिळं. गिरणीवालीचा नवरा होता तोवर तो भावाला सांगून सांगून थकला. तो वारल्यावर सांगायचं काम हिच्याकडे आलं. तिची दळणाची गिरणी त्या तुकड्याला लागूनच होती. गिरणीवर ती आणि तिची अंथरुणाला खिळलेली सासू, दोघी जगत होत्या. गेल्या पुरात बिळांमधून धार लागली तेव्हा तिने ती फडकी कोंबून थांबवली होती. त्या दिवसापासून तिला झोप नव्हती.

दुपारी चौकात माणसं जमली. मधोमध लोहारबाबा बसले. त्यांच्या वडिलांनी बांधाची पहिली पाटी टाकली होती आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

"सूनबाई, नेम ठाऊक नाही का तुला?"

"ठाऊक आहे, बाबा. पण बांध आतून पोकळ झालाय. हात घाला, खांद्यापर्यंत जातो."

"मग दिराला सांगायचं."

"सांगून जीभ झिजली माझी! बरं, मी एकटीने नको ना? सगळा गाव मिळून टाका माती. सगळ्यांची पडली की हक्क कुणाचाच नाही."

वरच्या गल्लीतला वाणी हसला. "आमची घरं टेकडीला, वहिनी. आम्ही कशाला चिखलात उतरायचं?"

"माझ्या गिरणीत पाणी शिरलं तर शिंपीदादांच्या घरात नाही शिरणार? पाणी काय दार वाजवून, नाव विचारून आत येतं?"

शिंप्याने मान खाली घातली. त्याला ते पटत होतं, पण चार माणसांत तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

कुणीतरी दिराला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"वहिनी, हात लावू नका," तिकडून तो म्हणाला. "मी येतो ना पुढच्या महिन्यात."

"भाऊजी, असे पुढचे महिने किती झाले?"

"दादा गेल्यापासून तुमचा डोळा आहे माझ्या घरावर. मला कळत नाही होय?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पडक्या घरात वटवाघळं राहत होती, त्यावर कसला डोळा ठेवायचा? शेवटी माणसं सासूला विचारायला गेली. म्हातारी हिच्या हातचं खात होती, हिच्या हातांनी न्हात होती. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "जागा धाकट्याची आहे. त्याला न विचारता कुणी हात लावू नये." धाकटा कधीतरी परत येईल या एकाच आशेवर ती जीव धरून होती. गिरणीवालीला ते कळत होतं, म्हणून तिला धड रागावताही येईना.

निकाल लागला. टाकलेली माती तिने आपल्या हातांनी काढायची.

आता गंमत अशी की नवी माती जुन्या बांधाला नुसती थापून चिकटत नाही. आधी वरचं गवत खरवडायचं, उतारावर पायऱ्या कापायच्या, मग भर घालायची. गिरणीवालीने ते सगळं रीतसर केलं होतं. त्यामुळे तिची माती काढली तेव्हा खाली उघडा, कापलेला बांध राहिला, पहिल्यापेक्षा वाईट.

"बाबा, निदान गवताची ढेपळं तरी बसवू द्या," तिने हात जोडले. "गवताने धरून राहील."

"ढेपळं कुठली?"

"माझ्या तुकड्यावरची."

"म्हणजे माती तुझीच झाली की." लोहारबाबा काठी टेकत उठले. "नेम म्हणजे नेम."

तिला वाटलं, या म्हाताऱ्याची काठी हिसकावून नदीत फेकावी. तिने तसं केलं नाही. ती गिरणीत गेली, धान्याची पोती माळ्यावर चढवली आणि चढवता चढवता मोठ्याने शिव्या घातल्या. सासूने त्या ऐकल्या आणि मुकाट पांघरूण ओढून घेतलं.

पाणी आलं ते दिवसाढवळ्या, डोंगराकडे दोन दिवस कोसळलेल्या पावसाचं. नदी गढूळ झाली, फुगली, बांधाच्या कडेला लागली. बाकी सगळा बांध ओला होऊनही उभा राहिला. कापलेला तुकडा मात्र आधी पाझरला, मग खचला, आणि एकदम बसला. गिरणीवालीने सासूला पाठुंगळीला मारलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून वर निघाली. म्हातारी तिच्या गळ्याला घट्ट धरून, "माझ्या धाकट्याचं घर गं, माझ्या धाकट्याचं घर," असं रडत होती. मागे गिरणीचं छप्पर कडाडलं. तिने वळून पाहिलं नाही, कारण वळली असती तर ती तिथेच बसली असती.

पाणी ओसरलं तेव्हा खालच्या गल्लीतली अर्धी घरं नव्हती. दिराचं घर जोत्यासकट गेलं होतं. गिरणीचं जातं चिखलात उलटं पडलं होतं. बांधात बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं, आणि पावसाळा अजून सरला नव्हता.

पुन्हा चौकात माणसं जमली. हे भगदाड कोण बुजवणार? पुन्हा फोन लागला.

"माझं घरच राहिलं नाही, तर मी बांध कशाला सांभाळू?" दीर म्हणाला. "आणि तो कापला वहिनींनीच. त्यांचाच धरा आता तो तुकडा. मी काही येत नाही."

लोहारबाबांनी काठी जमिनीवर टेकली. "सूनबाई, माती तू टाकली होतीस. नेमाप्रमाणे तुकडा तुझा झाला."

"तेव्हा चोरी होती ना, बाबा?"

वाणी हळूच उठून वरच्या गल्लीकडे निघून गेला.

सकाळी ती भगदाडात उतरली. सासूला वरच्या गल्लीतल्या एका गोठ्यात ठेवलं होतं, तिथून म्हातारीचं कण्हणं इथवर ऐकू येत होतं. थोड्या वेळाने शिंपी आला. त्याचंही घर गेलं होतं. खांद्यावर भरलेली पाटी, पण पाय आपल्या तुकड्याच्या हद्दीवर अडलेले.

"वहिनी, टाकू का?"

तिने फावडं थांबवलं. "तुमची माती पडली तर उद्या हे भगदाड तुमचं म्हणतील, दादा. चालेल?"

शिंपी उभा राहिला. त्याने भगदाडाकडे पाहिलं, पलीकडे अजून फुगलेल्या नदीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग भरलेली पाटी तशीच खांद्यावर घेऊन आपल्या तुकड्यावर गेला आणि तिथे, जिथे मातीची काही गरज नव्हती, तिथे ओतली.

गिरणीवालीने पदर खोचला आणि पुन्हा खणायला लागली.