प्रत ताईला

"खोटं बोलू नकोस! बाबा शेवटपर्यंत विचारत होते, धाकट्याचं काही आलं का? आणि मी रोज 'नाही' म्हणत होते. नाही म्हणून म्हणून तोंड दुखलं माझं!"

ताईचा आवाज शेजारी गेला असेल. जाऊ दे गेला तर! बाबांना पोचवून आल्यावर हा बॅग घेऊन दारात उभा राहतो, आणि वर म्हणतो, मी तर लिहीत होतो. धाकटा जहाजावर इंजिनं सांभाळायचा. भर समुद्रात फोन लागत नाही, मेल तेवढा जातो. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा तिनं कळवलं होतं, असशील तसा निघून ये. उत्तर नाही. मग तिनंही पुन्हा लिहिलं नाही. गेला उडत!

"ताई, शपथ सांगतो, पाठवले. तुझ्या त्या काळ्या पडद्यातच गडप झाले असणार."

हे मात्र झोंबलं. ऑफिसची मेलव्यवस्था सांभाळण्यात तिची हयात गेली होती. घरीही तिचा मेल तसाच, चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. सहकारी हसायचे, पण अडलं की तिच्याच टेबलाशी यायचे. आणि तिच्या हातून मेल हरवतो म्हणे! तिनं लॅपटॉप टेबलावर जवळजवळ आपटलाच.

"पाठव. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं मोबाइलवरून पाठवला. लगेच आला.

"आला की! आता बोल."

"असा नाही गं. थांब, नेहमीसारखा पाठवतो."

पाठवला. पडदा ढिम्म. पुन्हा पाठवला. तरी ढिम्म.

"नेहमीसारखा म्हणजे कसा रे?"

"म्हणजे बाबांच्या नावानं, आणि तुला खाली प्रत. बाबा असताना तुझ्या नावानं पत्र कसं घालणार?"

ताईनं मेल गाळणाऱ्या नियमांची फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीवर तिचं बोट अडलं. बाबा आजारी पडले त्याच आठवड्यात, जाहिरातींना वैतागून, तिनं सगळ्यांत वर एक नियम घातला होता. जो मेल थेट माझ्या नावावर नाही, तो टाकून दे. एक नियम लागू झाला की यंत्र पुढचे बघत नाही. आणि त्याच्याच खाली तिचा जुना नियम होता, धाकट्याचा मेल आधी दाखव. तिथवर काही पोचतच नव्हतं.

"दीडशहाणी!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "करून सवरून मीच! आणि शिव्या तुला!"

बाबांची नजर गेल्यापासून त्यांची मेलपेटी कुणी उघडली नव्हती. ताई आपल्याकडची प्रतच वाचून दाखवायची. आता तिनं ती उघडली. धाकट्याची पत्रं एकाखाली एक होती. तिच्यापर्यंत न पोचलेल्यांतल्या पहिल्याचा विषय होता, 'बाबा, पुढच्या बंदरात उतरून येतोय, वाट बघा.' प्रत्येकापुढे न वाचल्याची खूण होती.

"उघड ना," धाकटा म्हणाला आणि कळ दाबायला पुढे झाला.

"हात लावू नकोस!" ती ओरडली. मग हलकेच म्हणाली, "बाबांची आहेत ती. उघडली की खूण जाते."

तिनं एकही पत्र न उघडता पेटी मिटली.