डाव्या पंखातली पाच पिसे

“मामा, पुरण्याआधी हिची थोडी पिसं मला हवीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर आपोआप जमिनीकडे वळली.

मामांनी मांडीवरची मेलेली घार आणखी जवळ ओढली. जखमी पाखरांच्या त्या केंद्रात ते पिंजरे सांभाळत. ही घार, त्यांची ‘म्हातारी’, अकरा वर्षांपूर्वी खांद्याचे हाड मोडून आली होती. हाड वाकडे जुळले आणि तिचे उडणे कायमचे संपले. आज सकाळी ती दांडीखाली निपचित पडलेली सापडली.

“अख्खा जन्म पिंजऱ्यात काढला तिनं. निदान जाताना तरी अख्खी जाऊ द्या, बाई.”

“दुसऱ्या कुणाची घेतली असती हो. पण जाळीवर आपटून सगळ्यांच्या पिसांच्या चिंध्या झाल्यात. हिचीच तेवढी शाबूत आहेत. हिच्या जाळीला आतून कापड कुणी लावलं होतं?”

ते कापड मामांनीच लावले होते, दरवर्षी नवे. त्यापायी बायकोची बोलणीही खाल्ली होती : “घरात उशांना अभ्रे नाहीत, आणि त्या भवानीला पडदे!”

शेजारच्या पिंजऱ्यात धप्प असा आवाज झाला. विजेच्या तारेने डाव्या पंखातली पाच पिसे जळालेली तरुण घार दांडीवरून झेपावली आणि दगडासारखी खाली आली. तिला नवी पिसे फुटायला वर्ष लागणार होते. ती धडपडत पुन्हा वर चढली. पुन्हा धप्प.

तो आवाज मामांच्या ओळखीचा होता. म्हातारीनेही पहिले सहा महिने अशाच उड्या मारल्या होत्या. मग एके दिवशी तिने उडी मारली नाही. ‘बरं झालं, रुळली एकदाची,’ असे सगळे म्हणाले. मामांना मात्र त्या दिवशी घास गिळवला नव्हता.

“कात्री आणा,” ते म्हणाले. “पण कापणार मी. तुमचा हात लागलेला तिला खपायचा नाही.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

मामांनी एकेक पीस मुळाशी कापून क्रमाने कागदावर मांडले. मग दुपारभर, गुंगीत असलेल्या तरुण घारीचा पंख ते धरून बसले. जळक्या पिसांच्या पोकळ बुंध्यांत डॉक्टरबाई बांबूची बारीक काडी बसवत आणि तिच्या दुसऱ्या टोकावर म्हातारीचे पीस डिंकाने चिकटवत. काम उरकल्यावर मामांनी म्हातारीला कुंपणापाशी पुरले. डावी बाजू खाली मातीकडे केली, म्हणजे ती उघडी दिसू नये.

दहा दिवसांनी टेकडीवर त्यांनी खोका उघडला. घार झेपावली, डगमगली, झुडपांपर्यंत खाली आली. मग वाऱ्याने तिला उचलून धरले.

खालून पाहताना ती पाच पिसे बाकीच्यांहून किंचित फिकट दिसत होती. मामा तेवढीच पाहत होते. एकेक गिरकी घेत घार वर गेली, तसतसे फिकट आणि गडद एक होत गेले.

“मामा, गेली की हो!”

“वर वारा चांगला दिसतोय, बाई,” मामा म्हणाले, आणि मान वर ठेवूनच रिकाम्या खोक्याचे झाकण चाचपडत राहिले.